ओंटारिओच्या हायस्कूलमध्ये मुलांचे वर्षाचे विषय कसे ठरवायचे

"एका सेमिस्टरला चारच विषय? मग दिवसभर शाळेत करतात तरी काय?" भारतातून नव्याने इकडे आलेल्या आईवडिलांकडून मी हे हमखास ऐकते. मी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, ब्रॅम्प्टनला राहते. इकडे येण्याआधी कोल्हापुरात ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवायची. माझी दोन्ही मुलं इथल्याच हायस्कूलमधून बाहेर पडली. दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमाराला ओळखीतली मंडळी पुढच्या वर्षाच्या विषयांचे कागद घेऊन आमच्याकडे येतात. त्यांच्याशी जे बोलते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे: मुलावर ताण किती येईल हे विषयांच्या संख्येपेक्षा ते विषय वर्षात कुठे आणि कोणाच्या शेजारी बसवले यावर ठरतं. आणि ती मांडणी बरीचशी तुमच्या हातात असते.

आधी या चार विषयांचं बघू. आपल्याकडे अकरावीला सहा विषय वर्षभर चालतात, तास पाऊण तासाचा, आणि फिजिक्स काही रोज नसतं. इथे बहुतेक हायस्कूल सेमिस्टरवर चालतात. पहिलं सेमिस्टर सप्टेंबर ते जानेवारीअखेर, दुसरं फेब्रुवारी ते जून. प्रत्येक सेमिस्टरला चार विषय, प्रत्येकाचा साधारण ७५ मिनिटांचा तास, आणि चारही विषय रोज. एक क्रेडिट म्हणजे ११० तासांचं शिक्षण. ते पाच महिन्यांत उरकायचं, म्हणजे बारावीचं अख्खं फिजिक्स जानेवारीत संपलेलं असतं. म्हणूनच नोव्हेंबरात लग्नासाठी तीन आठवडे भारतात जायचं ठरवणाऱ्यांना मी आधी हिशोब मांडून दाखवते. वर्षभर चालणाऱ्या विषयाच्या दुप्पट वेगाने हा विषय धावत असतो, त्यामुळे तीन आठवडे बुडाले की दीड महिन्याचा अभ्यास गेला असं धरायचं. काही शाळांत विषय वर्षभरही चालतात, तेव्हा तुमच्या शाळेची पद्धत कोणती हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

आता पूर्णवेळ म्हणजे किती? डिप्लोमाला, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राला, ३० क्रेडिट लागतात. सेमिस्टरला चार म्हणजे वर्षाला आठ, नववी ते बारावी या चार वर्षांत ३२. म्हणजे दोन क्रेडिटची सवड मुळातच आहे. नववी-दहावीला शाळा पूर्ण आठ विषयांचाच आग्रह धरतात आणि ते बरोबरच आहे. अकरावीलाही बहुतेक मुलं आठ घेतात. बारावीत मात्र एखादा तास मोकळा ठेवता येतो, त्याला इथे स्पेअर म्हणतात. हे ऐकून पालक दचकतात: "मुलगा मग पार्टटाइम ठरेल का?" नाही ठरत. प्रांताच्या नियमात पूर्णवेळ विद्यार्थी म्हणजे ज्याचे वर्गातले तास दिवसाला सरासरी किमान २१० मिनिटं भरतात तो. ७५ मिनिटांचे तीन तास धरले तर २२५ होतात. तीन विषय असले तरी मूल पूर्णवेळच राहतं. दोनवर आलं की प्रश्न येतो. आणि १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा डिप्लोमा हातात पडेपर्यंत शिकत राहणं ओंटारिओत कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे "कंटाळा आला, सोडतो" हा मार्ग सोळा-सतराव्या वर्षी सहज मोकळा नसतो.

सक्तीचे विषय पटकन सांगते. २०२४ च्या सप्टेंबरपासून नववीत गेलेल्या मुलांना १७ सक्तीची आणि १३ ऐच्छिक क्रेडिट लागतात. त्याआधीच्या मुलांना १८ आणि १२. इंग्लिश चार, दर इयत्तेला एक. गणित तीन, त्यातलं निदान एक अकरावी किंवा बारावीचं. सायन्स दोन. मग कॅनडाचा भूगोल, कॅनडाचा इतिहास, फ्रेंच, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, तंत्रशिक्षण यांचं प्रत्येकी एक. सिव्हिक्स (नागरिकशास्त्र) आणि करिअर स्टडीज अर्धं अर्धं. शेवटी विज्ञान-तंत्रज्ञान गटातलं आणखी एक. याशिवाय ४० तासांची समाजसेवा, दहावीतली साक्षरता चाचणी आणि दोन ऑनलाइन क्रेडिट. ऑनलाइन नको असेल तर पालकांना फॉर्म भरून त्यातून बाहेर पडता येतं. समाजसेवेचे तास आठवी संपल्यावरच्या सुट्टीपासून मोजले जातात, तेव्हाच सुरुवात करा. बारावीच्या एप्रिलमध्ये चाळीस तास शोधत फिरणारी मुलं मी पाहिली आहेत आणि अगदी नको त्या वेळी ते ओझं डोक्यावर येतं.

कलेचं क्रेडिट बघून कपाळाला आठ्या घालू नका. एखाद्या जड सेमिस्टरमध्ये तोच एक तास मुलाला श्वास घ्यायला देतो. तो नववीतच संपवून टाकायचा की दहावीसाठी राखून ठेवायचा, याचाही विचार करा.

विषयांची यादी हातात आली की आधी कोड वाचायला शिका. कोड पाच अक्षरांचा असतो. पहिली तीन अक्षरं विषयाची. चौथा आकडा इयत्तेचा: १ म्हणजे नववी, २ दहावी, ३ अकरावी, ४ बारावी. पाचवं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. अकरावी-बारावीत 'यू' म्हणजे विद्यापीठाच्या तयारीचा, 'सी' म्हणजे कॉलेजचा, 'एम' म्हणजे दोन्हींना चालणारा, 'ई' म्हणजे थेट नोकरीकडे नेणारा, 'ओ' म्हणजे कोणालाही खुला. इथे कॉलेज आणि विद्यापीठ हे दोन वेगळे रस्ते आहेत; आपण दोन्हीला सर्रास कॉलेज म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. 'एमएचएफ४यू' म्हणजे बारावीचं ॲडव्हान्स्ड फंक्शन्स, विद्यापीठासाठीचं. नववीचे मुख्य विषय आता सगळ्यांना एकत्रच असतात, त्यांच्या कोडच्या शेवटी 'डब्ल्यू' येतो. विषयांची फाटाफूट दहावीपासून सुरू होते: वरच्या पातळीचा तो ॲकॅडेमिक, खालचा तो अप्लाइड.

यानंतरचं काम उलटं करायचं: बारावीपासून खाली यायचं. विद्यापीठाला बारावीचे सहा 'यू' किंवा 'एम' विषय लागतात, आणि सरासरी त्या सहांचीच धरली जाते. इंजिनिअरिंग हवं असेल तर साधारणपणे इंग्लिश, ॲडव्हान्स्ड फंक्शन्स, कॅल्क्युलस अँड व्हेक्टर्स, फिजिक्स आणि केमिस्ट्री हे पाच ठरलेले, सहावा आवडीचा. आरोग्याशी संबंधित शाखांना इंग्लिश, बायोलॉजी, केमिस्ट्री आणि बहुतेक ठिकाणी गणित. कॉमर्सला इंग्लिश, ॲडव्हान्स्ड फंक्शन्स आणि बऱ्याच ठिकाणी कॅल्क्युलसही. प्रत्येक विद्यापीठाच्या प्रत्येक शाखेची यादी वेगळी असते, ती त्यांच्याच संकेतस्थळावर बघा. शेजारच्यांच्या मुलाला काय लागलं होतं यावर जाऊ नका.

मग एकेका विषयाला पूर्वअट काय ते बघत खाली उतरा. कॅल्क्युलसला ॲडव्हान्स्ड फंक्शन्स आधी किंवा सोबत हवं. ॲडव्हान्स्ड फंक्शन्सला अकरावीचं 'एमसीआर३यू', म्हणजे फंक्शन्स, हा नेहमीचा रस्ता. त्याला दहावीचं ॲकॅडेमिक गणित. बारावीच्या फिजिक्सला अकरावीचं फिजिक्स, त्याला दहावीचं ॲकॅडेमिक सायन्स. दहावीत सोपं म्हणून खालचं गणित घेतलं की बारावीच्या दोन वाटा तिथेच बंद होतात. त्या पुन्हा उघडता येतात, पण मधला एक विषय जास्तीचा करून. आणखी एक गोष्ट: इथे ५० टक्क्यांना क्रेडिट मिळतं. पण अकरावीच्या गणितात ५५ मिळवून ॲडव्हान्स्ड फंक्शन्सला बसणं म्हणजे कच्च्या पायावर मजला चढवणं. पूर्वअट कागदावर पुरी झाली तरी मुलाची तयारी झाली आहे का, हे त्याच्या शिक्षकांना विचारा. ते सरळ सांगतात.

आता मांडणी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

गेल्या काही वर्षांत जी चूक मी वारंवार पाहिली ती अशी: "जड विषय सगळे पहिल्या सेमिस्टरला उरकून टाकू, दुसऱ्यात मोकळा होईल." साताऱ्याहून आलेल्या एका कुटुंबातल्या मुलाने बारावीच्या पहिल्या सेमिस्टरला ॲडव्हान्स्ड फंक्शन्स, फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी असे चारही एकत्र घेतले होते. मुलगा हुशार, कष्टाळू. नोव्हेंबरात त्याची आई त्याला घेऊन आमच्याकडे आली. "ताई, हा रात्री दोनपर्यंत जागा असतो हो." मी त्याची वही मागितली. एका आठवड्याच्या पानावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: सोमवार ट्रिगची टेस्ट, मंगळवार केमिस्ट्रीचा लॅब रिपोर्ट, बुधवार फिजिक्सची टेस्ट, गुरुवार पेशीश्वसनाची क्विझ, शुक्रवार फिजिक्सचा लॅब रिपोर्ट. शुक्रवारच्या चौकटीत कोपऱ्यात बारीक अक्षरात 'समाजसेवा ४ तास' असंही होतं. चारही शिक्षक आपापल्या जागी बरोबर होते. चारही विषयांचे टप्पे एकाच वेळी संपत होते, इतकंच.

मी त्याला विचारलं, "तुला व्हायचंय काय?" तो म्हणाला, "मेकॅनिकल, मावशी." मग बायोलॉजी कशाला? उत्तर आईने दिलं: "असू दे म्हटलं, दार उघडं राहील." पीसीएमबी घेऊन दोन्ही दरवाजे उघडे ठेवायची आपली सवय इथे जशीच्या तशी चालत नाही. तिकडे चारही विषय दोन वर्षं पुरतात; इथे पाच महिन्यांत चौघांचं तोंड एकदम बघावं लागतं. आणि विद्यापीठ सहाच विषयांची सरासरी बघणार, सातव्या-आठव्या जड विषयाचे कष्ट तिथे मोजले जात नाहीत. उलट त्या सातव्यामुळे बाकीच्या सहांचे टक्के उतरतात.

सुदैवाने मुदत संपली नव्हती. ही मुदत प्रत्येक पालकाला पाठ हवी. अकरावी-बारावीचा विषय, मिडटर्मचं प्रगतिपुस्तक हातात आल्यानंतर शाळेचे पाच दिवस भरायच्या आत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, त्याचा मागमूस राहत नाही. त्यानंतर सोडला तर विषय सोडल्याची नोंद त्या वेळच्या टक्क्यांसह कायम राहते. नापास झालं तरी दिसतं. तोच विषय पुन्हा केला तरी दोन्ही वेळचे टक्के दिसतात. नववी-दहावीत असं नसतं, तिथे मिळवलेली क्रेडिटच दिसतात. पहिल्या सेमिस्टरची मिडटर्म साधारण नोव्हेंबरात येते, दुसऱ्याची एप्रिलच्या आसपास. नेमकी शेवटची तारीख शाळेच्या कॅलेंडरवर असते. मुलाने बायोलॉजी सोडलं, तीन विषय राहिले, पूर्णवेळ दर्जा शाबूत. मोकळ्या झालेल्या तासात तो लायब्ररीत बसून लॅब रिपोर्ट लिहायला लागला आणि रात्री अकराला झोपायला लागला.

इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्या मुलासाठी मी सहसा अशी मांडणी सुचवते. पहिल्या सेमिस्टरला ॲडव्हान्स्ड फंक्शन्स, केमिस्ट्री, इंग्लिश आणि एखादा हाताने करायचा विषय. दुसऱ्याला कॅल्क्युलस, फिजिक्स, आवडीचा सहावा विषय आणि स्पेअर. कॅल्क्युलस ॲडव्हान्स्ड फंक्शन्सनंतर आलेलं बरं. फिजिक्स त्याच्यासोबत आलं की व्हेक्टर दोन्हीकडे लागोपाठ भेटतात, एकाचा दुसऱ्याला आधार होतो. केमिस्ट्री आणि फिजिक्स वेगवेगळ्या सेमिस्टरला ठेवले की लॅब रिपोर्ट एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत. इंग्लिश पहिल्यातच, कारण आपल्याकडून आलेल्या मुलांना निबंधाला वेळ लागतो आणि विद्यापीठांसमोर पहिल्या सेमिस्टरचे अंतिम टक्के लवकर जातात. दुसऱ्याचे फक्त मिडटर्मचे पोचतात, तेवढ्यावर प्रवेशाचा देकार येतो. म्हणून लागणारे सगळेच विषय दुसऱ्यात ढकलणंही तितकंच वाईट.

तुम्ही मागाल तसं टाइमटेबल मिळेलच असं मात्र नाही. शाळेचं संगणकीय वेळापत्रक विषय बसवतं आणि छोट्या शाळेत एखादा विषय एकाच सेमिस्टरला असतो. ऑगस्टअखेरीस टाइमटेबल दिसलं की त्याच दिवशी बघा आणि अदलाबदल हवी असेल तर लगेच गाइडन्स काउन्सेलरला, म्हणजे विषयनिवडीत सल्ला देणाऱ्या शाळेतल्या माणसाला, कळवा. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वर्ग भरून जातात.

स्पेअरबद्दल आपल्या लोकांच्या मनात अढी असते. रिकामा तास म्हणजे मूल उंडारणार. माझा अनुभव वेगळा आहे: ज्या मुलाची २४ क्रेडिट अकरावीअखेर पूर्ण आहेत, त्याला बारावीत एका सेमिस्टरला एक स्पेअर द्यावा. अट एकच, तो तास कशासाठी आहे हे आधी मुलाने स्वतः ठरवून सांगावं. दोन्ही सेमिस्टरला स्पेअर घेतला तर हिशोब बरोब्बर ३० वर येतो आणि एक विषय हुकला की डिप्लोमा अडकतो. संध्याकाळी दुकानात काम करणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर स्पेअर देताना मी जराही विचार करत नाही. दुसऱ्या टोकाला, जास्तीचे विषय घेत राहण्यालाही सीमा आहे: ३४ क्रेडिटच्या पुढे शाळांना मिळणारा सरकारी निधी कमी होतो, त्यामुळे "अजून एक वर्ष राहून टक्के वाढवू" हा बेत शाळा फारसा उचलून धरत नाही.

को-ऑप नावाची सोय आपले लोक उगाच टाळतात. शाळेच्या वेळात प्रत्यक्ष कामाच्या जागी जायचं आणि त्याची क्रेडिट मिळवायची. दोन तास लागून असले तर एका सेमिस्टरला दोन क्रेडिट होतात. अकरावीतलं मूल दवाखान्यात, गॅरेजमध्ये किंवा बालवाडीत काही महिने काम करून आलं की बारावीला काय घ्यायचं हे त्याला आपसूक कळलेलं असतं. जड विषयांच्या सेमिस्टरपासून ते लांब ठेवा, एवढंच.

समर स्कूलचं मी जपून सांगते. जुलैमध्ये चार आठवड्यांत एक अख्खं क्रेडिट होतं. मागे पडलेलं भरून काढायला, किंवा सिव्हिक्स-करिअरसारखं हलकं क्रेडिट आधीच उरकायला ते उत्तम. पण बारावीचं ॲडव्हान्स्ड फंक्शन्स चार आठवड्यांत करणं मला अजिबात पटत नाही. रोज पाच-सहा तास तोच विषय, आज शिकलेलं उद्या परीक्षेला. टक्के कदाचित येतात, पण सप्टेंबरात कॅल्क्युलसला बसल्यावर हातात काही उरलेलं नसतं. शिवाय काही विद्यापीठांच्या काही शाखा असा विषय कुठे केला आणि पुन्हा केला का, हे विचारतात. फी भरून खासगी ठिकाणी भरघोस टक्के मिळवून देणाऱ्या जाहिरातींपासून तर मुलांना लांबच ठेवा. पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वर्गात ते टक्के काही कामाला येत नाहीत.

आता जे मधूनच आले आहेत त्यांच्यासाठी. दहावी किंवा अकरावी करून इकडे आलेल्या मुलाला किती क्रेडिट द्यायची हे शाळेचे प्रिन्सिपल कागदपत्रं बघून ठरवतात. तेव्हा आठवीपासूनच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि शक्य तर विषयांचा अभ्यासक्रम बरोबर आणा. मराठी कागदांची इंग्लिश भाषांतरं करून घ्या. समजा १६ क्रेडिट मिळाली. मग दोन वर्षांत १४ उरतात, म्हणजे एक वर्ष आठ आणि एक वर्ष सहा, तेही एकही न हुकता. मुलगा सतरा वर्षांचा असेल आणि इंग्लिश कच्चं असेल, तर तीन वर्षं घेण्यात काहीही गैर नाही. ईएसएलचे, म्हणजे इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांसाठीच्या इंग्लिशचे, विषय म्हणजे शिक्षा नव्हे. त्यातली तीनपर्यंत क्रेडिट सक्तीच्या चार इंग्लिशमध्ये धरली जातात. साक्षरता चाचणी मात्र उशिरा आलेल्यांनाही चुकत नाही. समाजसेवेचे तास किती करायचे ते त्यांच्यासाठी प्रिन्सिपल ठरवतात. शनिवारी चालणाऱ्या भाषावर्गांतूनही क्रेडिट मिळतं; तुमच्या भागातल्या शाळांच्या बोर्डात कोणत्या भारतीय भाषा आहेत ते विचारा.

पुढच्या वर्षाची निवड ऑनलाइन भरायच्या आधी गाइडन्स काउन्सेलरला एक ईमेल पाठवा, आणि ती मुलाने लिहावी, तुम्ही शेजारी बसा. त्यात आजवर जमलेली क्रेडिट, उरलेले सक्तीचे विषय, बारावीनंतर डोक्यात असलेल्या दोन-तीन शाखा आणि दोन्ही सेमिस्टरला हवी असलेली मांडणी लिहावी. मग तीन गोष्टी विचाराव्यात: यातला कोणता विषय आमच्या शाळेत एकाच सेमिस्टरला असतो, कोणती पूर्वअट राहून जाते आहे, आणि या मांडणीत माझे दोन लॅबचे विषय एकत्र येतात का. उत्तर आलं की ते छापून फ्रिजवर लावा. विषय सोडायच्या मुदतीच्या दोन्ही तारखा त्याच कागदावर लाल पेनने लिहून ठेवा.